पडणे आणि पुन्हा उठणे : अमेरिकी व्यंगचित्रपटांचे हास्य

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त जयपूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



जयपूर हे नाव मराठी कानाला परिचित झाले ते मुख्यतः गाण्यामुळे. पूर्वीच्या जयपूर संस्थानातील उणियाऱ्याचे अल्लादियाखाँ कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या आश्रयाला आले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्राची होऊन गेली. परंतु या शहराजवळ आणखी एक कला आहे. तिला दरबार लागत नाही, बैठक लागत नाही. दोन खाटा उभ्या केल्या, त्यांच्यावर कमानींचा रंगीत पडदा ताणला आणि एक ढोलकी मिळाली, की तिचे रंगमंदिर उभे राहते. ती कला म्हणजे कठपुतळी. आजचा विषय अमेरिकी व्यंगचित्रपटांचा, म्हणजे ज्यांना घरोघरी ‘कार्टून’ म्हणतात त्यांचा आहे. तरीही त्याचा आरंभ जयपुरात करायचा, तर तो या पडद्यासमोर बसूनच करणे योग्य होईल.

राजस्थानातील भाट समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या खेळाचे मुख्य आख्यान नागौरच्या अमरसिंह राठोडाचे. आख्यान शौर्याचे आहे. पण पोरे डोळे लावून बसतात ती मधल्या पात्रांसाठी. सापाला डोलवता डोलवता स्वतःच घाबरणारा गारुडी येतो, घोड्यावर उलटासुलटा होणारा स्वार येतो, आणि मग येतो जादूगर. हा जादूगर नाचता नाचता स्वतःचे मुंडके धडावेगळे करतो, हवेत उडवतो, हातावर झेलतो आणि पुन्हा मानेवर बसवतो. पडद्यामागच्या सूत्रधाराच्या तोंडात बांबूची छोटी शिट्टी असते. तिला ‘बोली’ म्हणतात. बाहुलीचे सारे बोलणे त्या चिरक्या आवाजात होते. त्यातले अक्षरही कळत नाही, आणि ढोलकीवर बसलेली त्याची जोडीदारीण त्याचा अर्थ लोकांना सांगते.

आता क्षणभर विचार करावा. मुंडके धडावेगळे होणे ही काय हसण्याची गोष्ट आहे? कथेत, बातमीत, प्रत्यक्षात तिच्याइतके भयंकर दुसरे काही नाही. तरीही पुढच्या रांगेतले चार वर्षांचे मूल खदखदून हसते. ते निर्दय असते म्हणून नव्हे. ते मुंडके परत येणार आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते हसते. पडणारा उठणार आहे, ही खात्री या हास्याच्या तळाशी असते. अमेरिकी व्यंगचित्रपटांनी जगाला जे हसवले, त्याचे मर्मही हेच आहे. हे हास्य केव्हा निर्मळ राहिले आणि केव्हा नासले, हेही याच कसोटीवर ओळखता येते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. हलत्या चित्रांचे पहिले प्रयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. अमेरिकेत ब्लॅक्टन यांनी १९०६ मध्ये फळ्यावरील चेहरे हलवून दाखवले; फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये रेघांच्या आकृतींचा एक छोटा चित्रपट केला. पण चित्राला स्वभाव दिला तो विन्सर मॅके या अमेरिकी चित्रकाराने. १९१४ मध्ये त्याने ‘गर्टी’ नावाची एक महाकाय डायनोसॉर मादी काढली. पारदर्शक पत्र्यांची युक्ती तेव्हा प्रचारात नव्हती; त्यामुळे प्रत्येक चित्रात गर्टीबरोबर मागचे डोंगर आणि झाडही पुनःपुन्हा काढावे लागे. अशी हजारो चित्रे हाताने काढली गेली. मॅके हा चित्रपट रंगमंचावर स्वतः उभा राहून दाखवी. हातात चाबूक घेऊन तो पडद्यावरल्या गर्टीला हुकूम सोडी. ती कधी ऐके, कधी हट्ट करी, आणि रागावले की रडे. शेवटी तो पडद्याआड जाई आणि त्याच क्षणी चित्रातला छोटा मॅके गर्टीच्या पाठीवर स्वार होई. कठपुतळीचा सूत्रधार आणि त्याची बाहुली यांचेच हे नाते होते. फक्त दोरीची जागा पेन्सिलीच्या रेषेने घेतली होती.

त्याच १९१४ च्या सुमारास पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर चित्र काढण्याची पद्धत आली. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि तिच्यावर हलणाऱ्या पात्रांचे पत्रे बदलत जायचे. या एका युक्तीने हा छंद धंदा होऊ शकला. १९१९ पासून फेलिक्स नावाचे काळे मांजर लोकप्रिय झाले. त्याची शेपटी गरजेप्रमाणे काठी होई, आकडा होई, प्रश्नचिन्ह होई. चित्राला हाडे नसतात, आणि म्हणून त्याला अशक्य असे काही नसते, हा शोध तेव्हा लागला.

पुढचा टप्पा ध्वनीचा. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्टीमबोट विली’ झळकला. मिकी माऊस बोटीवर शीळ घालतो, एक बकरी संगीताचे कागद खाऊन टाकते, आणि मग तिची शेपटी चरकाच्या दांड्यासारखी फिरवली की तिच्या तोंडातून तेच संगीत बाहेर पडते. लोकांना विलक्षण वाटले ते हे, की पात्राचे पाऊल आणि वाद्याचा ठोका एकाच क्षणी पडत होता. ढोलकीच्या थापेवर बाहुली गिरकी घेते तेव्हाही हेच घडते. डोळ्याला जे दिसते आणि कानाला जे ऐकू येते त्यांची सम जुळली, की हसू आपोआप फुटते. १९३४ मध्ये डिस्नेकडे डोनाल्ड डक आला. क्लॅरेन्स नॅश या आवाज देणाऱ्या कलावंताच्या घशातून येणारी ती बदकभाषा निम्मी कळत नसे. पण त्याचा संताप जगभर कळला. भाटाच्या तोंडातली बोली आणि नॅशच्या घशातले बदक यांची भेट कधीच झाली नसेल; युक्ती मात्र एकच आहे. शब्द पुसट केला की भाव ठळक होतो.

येथे एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. हे व्यंगचित्रपट मुळात मुलांसाठी नव्हते. सहा-सात मिनिटांचा असा लघुपट मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवला जाई, आणि समोर कारखान्यातून थकून आलेला कामगार, कारकून, गृहिणी, मुले असे सगळेच बसलेले असत. मुंबईत धोबी तलावाजवळ मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने १९३८ मध्ये आपले ‘मेट्रो’ चित्रपटगृह उभारले, तेव्हा त्या कंपनीच्या चित्रपटांबरोबर तिची कार्टूनेही येथल्या प्रेक्षकांपुढे येऊ लागली. आजोबा आणि नातू एकाच वेळी हसतील असे काहीतरी करणे, ही त्या धंद्याची अटच होती.

ती अट कशी पाळली जाई, हे हिशेबाने पाहावे. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. सात मिनिटांच्या लघुपटात अशा दहा हजारांहून अधिक चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवण्याची सवलत घेतली तरी पाच हजार चित्रे लागतात. कोणी मुख्य हालचाल काढी, कोणी मधल्या अवस्था भरी, कोणी शाईने गिरवी, कोणी रंग भरी. डिस्नेच्या कारखान्यात गिरवण्याचे आणि रंगवण्याचे काम करणाऱ्या बहुतेक साऱ्या स्त्रियाच होत्या. प्रेक्षकांना त्यांची नावे ठाऊक नसत. १९४१ मध्ये याच कारखान्यातील कलावंतांनी मोठा संप केला, यावरून पडद्यावरचे हसू किती कष्टांतून येत होते याची कल्पना यावी. विनोदाची वेळ तर चौकटी मोजून ठरे. बोका कड्यावरून पडला, तो किती चौकटींनंतर जमिनीवर आपटायचा? एक-दोन चौकटी इकडेतिकडे झाल्या तरी हसू विरून जाते. तबलजीने सम चुकवावी आणि बैठकीचा रंग उतरावा, तसेच हे.

डिस्ने यांनी १९३७ च्या डिसेंबरात ‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढला आणि त्यांचा ओढा सौंदर्याकडे, निसर्गाच्या हुबेहूब अनुकरणाकडे वळला. त्याच काळात वॉर्नर ब्रदर्सच्या आवारातील एका जुन्या लाकडी बंगलीत काही तरुण अगदी उलट दिशेने निघाले होते. बंगली वाळवीने पोखरलेली होती; म्हणून ते तिला थट्टेने ‘वाळवीची गच्ची’ म्हणत. टेक्स एव्हरी, चक जोन्स, बॉब क्लॅम्पेट हे त्या बंगलीतले, आणि फ्रिझ फ्रेलेंग त्यांचे सहकारी. मेल ब्लँक नावाचा एकच माणूस त्यांच्या बहुतेक पात्रांना आवाज देई, आणि कार्ल स्टॉलिंग संगीत रची. १९४० मध्ये त्यांच्या ‘अ वाइल्ड हेअर’ या लघुपटात बग्ज बनी हा ससा आपल्या परिचित रूपात अवतरला. शिकारी बंदूक रोखतो आणि ससा शांतपणे गाजर खात त्याची विचारपूस करतो. बंदुकीपुढची ही बेफिकिरी, हेच त्याचे हास्य. इसापनीती आणि पंचतंत्र ऐकत वाढलेल्यांना हा ससा अनोळखी नाही. सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणाऱ्या सशाचाच तो दूरचा भाऊबंद.

त्याच १९४० मध्ये टॉम आणि जेरी जन्मले. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने केलेल्या पहिल्या लघुपटात बोक्याचे नाव जॅस्पर होते आणि उंदराचे नाव पडद्यावर घेतलेच नव्हते. १९५८ पर्यंत या जोडीने त्यांचे ११४ लघुपट केले आणि त्यांतील सातांना ऑस्कर मिळाले. त्यांत संवाद जवळजवळ नाहीतच; जे काही बोलते ते स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी स्वतः हॅना यांची. भाषेची अडचणच नसल्याने हे दोघे जेथे गेले तेथले झाले. मराठी वाचकांना याचे नवल वाटू नये. शि. द. फडणीसांची कितीतरी चित्रे एका शब्दावाचून हसवतात. त्यांच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर तर शेजारी उभ्या असलेल्या तरुण-तरुणींपैकी एकाच्या वस्त्रावर मांजरे आहेत आणि दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदीर, आणि तेवढ्यानेच सारी गोष्ट सांगून झाली आहे.

आता या हास्याच्या गाभ्याकडे यावे. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हास्याचे दोन प्रकार सांगितले आहेत : आत्मस्थ आणि परस्थ. एकात माणूस स्वतः हसतो, दुसऱ्यात तो इतरांना हसवतो. हास्याच्या सहा छटाही त्यांनी सांगितल्या. स्मितापासून ती यादी सुरू होते आणि तिच्यात उपहसितही येते. हसू एकजिनसी नसते, हे इतक्या पूर्वी ओळखलेले आहे. मग बोका आपटतो तेव्हा जे येते ते कोणते हसू?

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर चक जोन्स यांच्या एका पात्रात मिळते. १९४९ मध्ये त्यांनी रोड रनर हा वेगाने पळणारा पक्षी आणि त्याच्यामागे लागलेला कायोटी यांची मालिका सुरू केली. कायोटी म्हणजे अमेरिकेच्या वाळवंटात हिंडणारा, आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीतला प्राणी. हा बिचारा दर वेळी ‘ॲक्मी’ नावाच्या कंपनीकडून नवे यंत्र मागवतो, सापळा रचतो आणि त्यात स्वतःच सापडतो. या मालिकेचे काही नियम जोन्स यांनी पुढे सांगितले आहेत. पक्ष्याने कायोटीला कधीही इजा करायची नाही. फार तर मागून येऊन ‘बीप बीप’ करायचे. कायोटीचे नुकसान व्हायचे ते त्याच्या स्वतःच्या हट्टाने, नाहीतर त्या यंत्रांच्या बिघाडाने. शक्यतो गुरुत्वाकर्षण हाच त्याचा सर्वांत मोठा शत्रू असावा. आणि त्याचा पाणउतारा व्हावा. दुखापतीवर भर नसावा.

गुरुत्वाकर्षणाचा हा विनोद तर अजोड आहे. कायोटी कड्याच्या बाहेर धावत जातो आणि हवेत तसाच उभा राहतो. तो पडत नाही. तो खाली पाहतो, मग प्रेक्षकांकडे पाहतो, आणि मगच पडतो. जोवर भान नाही तोवर आधार आहे. भान आले की आधार गेला. परीक्षेत पहिली दोन पाने भराभर लिहून झाल्यावर आपण भलत्याच प्रश्नाचे उत्तर लिहीत आहोत हे ध्यानात येण्याचा क्षण ज्याने अनुभवला आहे, त्याला कायोटी समजावून सांगावा लागत नाही.

या नियमांतून एक नीती दिसते, आणि ती उपदेश न करता दिसते. पडणारा बलवान आहे, किंवा निदान सापळा रचणारा आहे. तो आपल्याच करणीने पडतो. आणि पुढच्या चौकटीत तो अंग झटकून उभा राहतो. या तीन अटी पाळल्या गेल्या की हसणाऱ्याच्या मनात क्रौर्य उरत नाही. उरतो तो थोडा आपलेपणा. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाची फजिती वाचताना मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या हसला तो याच आपलेपणाने.

उलट, जेथे या अटी मोडल्या तेथे तेच व्यंगचित्रपट ओशाळवाणे झाले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांची विटंबना करणारी चित्रे सर्रास काढली जात. टॉम आणि जेरीच्या आरंभीच्या लघुपटांत घर सांभाळणारी एक कृष्णवर्णीय स्त्री आहे; तिचे पाय आणि तिचा आरडाओरडा एवढेच प्रेक्षकांच्या वाट्याला येते, चेहरा जवळजवळ कधीच येत नाही. स्फोट झाला की पात्राचा चेहरा काळा करून त्याला एका वंशाचे सोंग द्यायचे, हा विनोद तर वारंवार येतो. वॉर्नर ब्रदर्सचे अशा प्रकारचे अकरा लघुपट १९६८ पासून दूरचित्रवाणीच्या वितरणातून काढून घेण्यात आले. त्यांची कारागिरी उणी नव्हती. चौकटी तितक्याच काटेकोर मोजलेल्या होत्या. पण ज्यांच्यावर हसायचे त्यांनी कोणता सापळा रचला होता? आणि त्यांना उठून उभे राहण्याची पुढची चौकट कोठे दिली होती? बोक्याचा आपटलेला चेहरा क्षणात पूर्ववत होतो. एखाद्या समाजाला दिलेला विद्रूप चेहरा मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नाही.

ही कथा केवळ परक्यांची नाही. तिचा एक धागा मराठी मुलखातूनही जातो. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरला आणि दररोज त्याचे थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. महिनाभराचा काळ काही क्षणांत आवळला गेला. एका चौकटीनंतर दुसरी चौकट घेण्याचे हे तंत्र म्हणजेच व्यंगचित्रपटाचा पाया. पुढे १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी किंचित सरकवायची, चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. मॅकेची गर्टी आणि फाळक्यांच्या काड्या यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. तो लघुपट आज उपलब्ध नाही, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट होय.

अल्लादियाखाँच्या कोल्हापुरातच १९२९ मध्ये स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. या प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट केला. जंबूक म्हणजे कोल्हा. जोन्स यांचा कायोटी अवतरण्याच्या पंधरा वर्षे आधी पुण्यात एक कोल्हा पडद्यावर हिंडून गेला होता! पण एका लघुपटासाठी हजारो चित्रे काढणारी माणसे वर्षानुवर्षे पोसायची, तर त्यामागे नियमित मागणी हवी. अमेरिकेत मोठ्या चित्रसंस्थांची स्वतःची चित्रपटगृहे होती आणि प्रत्येक चित्रपटासोबत लघुपट खपत असे. येथे तशी सोय नव्हती. कोल्हा एकदा दिसला आणि गेला.

पुन्हा सुरुवात झाली ती स्वातंत्र्यानंतर, मुंबईत. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात क्लेअर वीक्स हे डिस्नेचे अनुभवी चित्रकार शिकवायला आले. ‘बँबी’, ‘पीटर पॅन’ यांसारख्या चित्रपटांवर काम केलेले हे गृहस्थ मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले होते. त्यांच्या हाताखाली येथल्या तरुणांनी जातककथेवरील ‘द बॅनियन डिअर’ हा लघुपट केला. त्या तरुणांत राम मोहन होते. पुढे भारतीय व्यंगचित्रपटाच्या अनेक पिढ्या त्यांच्याकडे शिकल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भीमसेन यांनी १९७४ मध्ये विजया मुळे यांच्याबरोबर ‘एक अनेक और एकता’ केला. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची ती गोष्ट दूरदर्शनवर पाहिलेली नाही असा त्या पिढीतला विद्यार्थी विरळा. विजयाबाई मूळच्या मुंबईच्या आणि पेशाने शिक्षणाच्या क्षेत्रातल्या. शिक्षकाच्या हाती हे माध्यम आले तर काय होऊ शकते, याचा तो सहा-सात मिनिटांचा नमुना आहे.

अमेरिकेत मात्र तोवर जुने युग संपले होते. दूरचित्रवाणी आली, चित्रपटगृहे ओस पडू लागली, आणि मेट्रो-गोल्डविन-मेयरने १९५७ मध्ये आपला व्यंगचित्रपट विभागच बंद केला. सात ऑस्कर मिळवणारे हॅना आणि बार्बेरा बेकार झाले. तेही कायोटीसारखे उठले. दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या पैशांत कमी चित्रांचे, अधिक बोलणारे कार्टून कसे करायचे हे त्यांनी शोधले आणि ‘फ्लिंटस्टोन्स’ सारख्या मालिका दिल्या. हालचाल कमी झाली, बडबड वाढली. हा बदल तोट्याचाच म्हणायला हवा. आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी आली आणि थिएटरच्या काळोखात सर्वांनी मिळून पाहायची ती सात मिनिटे घरच्या दिवाणखान्यात मुलाने एकट्याने पाहायचे सात तास होऊन बसली.

पालकांची काळजी येथूनच सुरू होते आणि ती अनाठायी नाही. पण तिचे निदान नीट व्हावे. मूल बोक्याला आपटताना पाहून हसते, यात भिण्यासारखे थोडेच आहे. कठपुतळीचे मुंडके उडताना त्याची पणजीही हसली असेल. काळजी करावी ती एकट्याने पाहण्याची आणि न थांबता पाहण्याची. आजोबा शेजारी बसले असतील तर मूल हसता हसता त्यांच्याकडे वळून पाहते. ते वळून पाहणे हा त्या हास्याचा अर्धा भाग आहे.

आणि शाळेने काय करावे? शाळेत रोज कोणीतरी पडत असते. कविता म्हणताना एखादी ओळ अडते, फळ्यावर बेरीज चुकते, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाच्या तोंडून एखादा शब्द वेगळा निघतो, आणि वर्ग हसतो. या शहरात मराठी बोलणाऱ्या घरांतील मुलांना हा अनुभव दोन्ही बाजूंनी येतो : बाहेर त्यांच्या हिंदीवर कोणी हसते आणि घरी त्यांच्या मराठीवर. हसू थांबवणे कोणत्याही गुरुजींच्या हाती नसते, आणि बिनहसऱ्या वर्गात शिकावे असेही कोणाला वाटत नाही. पण पुढची चौकट गुरुजींच्या हाती असते. ‘बस खाली’ म्हटले की पडलेला मुलगा पडलेलाच राहतो. ‘हं, पुन्हा म्हण’ म्हटले की मुंडके मानेवर परत बसते, आणि मग तो स्वतःही सर्वांबरोबर हसू शकतो.

या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने एक छोटीशी सूचना. वहीच्या कोपऱ्यात पानोपानी एकेक आकृती काढून ती भराभर फडफडवायची, हा उद्योग येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी केला असेल आणि त्याबद्दल छड्याही खाल्ल्या असतील. येत्या वर्षी ती वही जप्त करू नये. उलट, मुलांच्या हाती आगकाड्यांची एक पेटी द्यावी. गूल तेवढे आधी काढून घ्यावे. घरातला मोबाइल एका जागी स्थिर ठेवावा. काडी किंचित सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. काडीने चालावे, अडखळावे, पडावे. दहा सेकंदांच्या गमतीसाठी शंभर-सव्वाशे चित्रे लागतील; मुले कंटाळतील, भांडतील, हिशेब चुकतील आणि नव्याने सुरुवात करतील. बोलणारी काडी असेल तर तिने मराठीत बोलावे. फक्त एकच नियम घालून द्यावा : शेवटच्या चित्रात ती काडी उभी असली पाहिजे.